हार्डनर: शब्द एक, कामं दोन

हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘हार्डनर द्या’ म्हटलं, तर जाणता दुकानदार बाटलीला हात लावण्याआधी विचारतो, ‘फायबरचा की अराल्डाइटचा?’ दोन्ही हार्डनर पातळ रेझिनचं कडक घन करतात आणि दोन्हींनी वाटी गरम होते. पण एक हार्डनर स्वतः साखळीत जाऊन बसतो, दुसरा फक्त साखळी सुरू करून देतो. एवढं लक्षात आलं की ‘किती घालायचं’, ‘उन्हाळ्यात कमी करायचं का’, ‘वरून चिकट का राहिलं’ याची उत्तरं पाठ करून ठेवावी लागत नाहीत.

त्याआधी ‘सुकणं’ हा शब्द या कामातून काढून टाकू. डिस्टेंपर सुकतो, पांढरा फेविकॉल सुकतो, कारण त्यातलं पाणी उडून जातं. रेझिनमधून असं काही जावं लागत नाही. १०० ग्रॅम इपॉक्सी, म्हणजे अराल्डाइटच्या जातीचं रेझिन, साच्यात ओतलं तर कडक झाल्यावरही वजन १०० ग्रॅमच भरतं. आतले लहान रेणू एकमेकांना कायमचे जोडले जातात, म्हणून द्रवाचं घन होतं. म्हणूनच रेझिनवर पंखा लावून काही साधत नाही, आणि फायबरच्या रेझिनवर तर नुकसानच होतं. ते का, ते पुढे येईलच. ऊन उपयोगी पडतं, पण ते सुकवतं म्हणून नव्हे, तापवतं म्हणून.

लहान रेणू म्हणजे मोनोमर, ते जोडून झालेली लांब साखळी म्हणजे पॉलिमर. पुस्तकी मराठीत बहुवारिक. आज हे शाळेत शिकवतात, पण रबर किंवा कापूस म्हणजे खरोखरच्या रासायनिक बंधांनी जोडलेल्या प्रचंड लांब साखळ्या आहेत, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडलं तेव्हा बऱ्याच जणांना ते पटलं नव्हतं. लहान रेणूंचे नुसते गोळे असतील, असं मत होतं. श्टाउडिंगरना त्याबद्दल नोबेल मिळालं ते १९५३ मध्ये.

अराल्डाइटचा हार्डनर: हात मोजून घ्या

इपॉक्सी रेझिनच्या रेणूला दोन टोकं, आणि प्रत्येक टोकाला एक तिकोनी कडं: दोन कार्बन, एक ऑक्सिजन. तीन अणूंचं कडं म्हणजे वाकवून धरलेली पट्टी. सुटायची संधीच शोधत असते. हार्डनरमधल्या नायट्रोजनला लटकलेला हायड्रोजन ही संधी देतो. नायट्रोजन कड्यातल्या कार्बनला धरतो, कडं उघडतं, हायड्रोजन ऑक्सिजनकडे जातो, आणि एक बंध पक्का होतो. एका हायड्रोजनमागे एकच कडं, जास्त नाही.

म्हणजे हा सगळा हातात हात धरण्याचा प्रकार आहे. रेझिनला दोन हात. टेटा नावाने मिळणारा साधा हार्डनर, म्हणजे ट्रायएथिलीनटेट्रामाइन, घेतला तर त्याला सहा हात. आता हिशेब करू. बाजारातल्या नेहमीच्या पातळ इपॉक्सीत सुमारे १९० ग्रॅममागे एक मोल कडी असतात (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरलेलं माप, डझनासारखं). टेटाचं रेणूवजन १४६, त्याला सहाने भागलं की २४.३. म्हणजे १९० ग्रॅम रेझिनला २४.३ ग्रॅम, १०० ग्रॅमला जवळपास १३ ग्रॅम. कंपनीच्या कागदावर छापलेला आकडा येतो तो इथून. हार्डनर बदलला की त्याचं रेणूवजन बदलतं, हातांची संख्या बदलते आणि आकडाही बदलतो. एका हार्डनरचं प्रमाण दुसऱ्याला लावलं तर रेझिन बिघडलंच म्हणून समजा.

‘लवकर व्हावं म्हणून हार्डनर जरा जास्त घातला’ हे वाक्य इपॉक्सीच्या बाबतीत अडाणीपणाचं आहे, कारण हा हार्डनर चवीपुरता घालायची वस्तू नाही. १३ च्या जागी २० ग्रॅम घातला तर रेझिनचे हात संपतात आणि हार्डनरचे कितीतरी हात रिकामे लोंबकळत राहतात. जाळं विरळ होतं, तुकडा मऊ किंवा चिवट राहतो, पृष्ठभाग ओलसर लागतो, पाणी शोषतो. कमी घातला तर उलट घडतं: रेझिनची टोकं मोकळी राहतात, तुकडा चिकट राहतो. नंतर उन्हात ठेवा, भट्टीत ठेवा, जोडीदारच नाही तर हात कुणाचा धरणार?

यात नेहमी होणारी एक चूक वजन आणि आकारमान यांच्या गोंधळाची. अराल्डाइटची दोन भागांची नेहमीची जोडी आकारमानाने समान, म्हणजे १०० ला १०० घ्यायची असते, पण वजनाने १०० ला ८०, कारण हार्डनर हलका असतो. ‘समान घ्या’ हे ऐकून कुणी काट्यावर दोन्ही ५०-५० ग्रॅम तोललं, तर हार्डनर २५ टक्के जादा गेला. कागदावर ‘वजनाने’ लिहिलंय की ‘आकारमानाने’, हे आधी वाचावं.

मोजमापाचा हा आग्रह किती टोकाचा असावा लागतो याचं गणित अमेरिकेत ड्यूपाँमध्ये काम करणाऱ्या वॉलेस कॅरोदर्स यांनी मांडलं. नायलॉन ६,६ प्रथम बनलं ते त्यांच्याच गटात, २८ फेब्रुवारी १९३५ रोजी. दोन-दोन हातांचे रेणू असे जोडत गेलं, तर साखळीची सरासरी लांबी म्हणजे एक भागिले उरलेल्या मोकळ्या हातांचा वाटा. शेकडा ९० हात जुळले तर सरासरी साखळी फक्त १० घटकांची. ९५ टक्क्यांना २०, ९९ टक्क्यांना १००, ९९.५ टक्क्यांना २००. म्हणजे परीक्षेत ९० टक्के मिळवले तरी इथे हातात धागा येत नाही. आणि दोन घटकांपैकी एक फक्त ५ टक्के जादा असला, तर सगळी क्रिया पूर्ण होऊनही साखळी सरासरी ४१ घटकांवर थांबते. मग कारखान्यात हजारो किलोंच्या मापाला इतका काटेकोरपणा आणायचा कसा? त्यावरची युक्ती मला फार आवडते. नायलॉनचे दोन घटक, डायअमाइन (दोन्ही टोकांना नायट्रोजनचा अमाइन गट) आणि ॲडिपिक आम्ल, आधी पाण्यात एकत्र आणून त्यांचा क्षार, म्हणजे ‘नायलॉन सॉल्ट’, बनवतात. क्षारात आम्ल आणि अमाइन एकास एक असल्याशिवाय बसतच नाहीत. मोजणी रेणू स्वतःच करून टाकतात. मग तो क्षार तापवला की पाणी सुटतं आणि साखळी वाढते.

इपॉक्सीत सहा हातांचा हार्डनर असल्यामुळे सरळ साखळी न होता जाळं होतं, आणि जाळ्याची गंमत वेगळी. वाटीतलं मिश्रण हळूहळू दाट होतं, मग अचानक काडी उचलली की तार येते, आणि पुढच्या काही मिनिटांत ते हलेनासं होतं. या क्षणाला ‘जेल होणं’ म्हणतात. वाटीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत बंधांची सलग वाट तयार झालेली असते. वाटीभर पसरलेला एकच रेणू, असं म्हटलं तरी अतिशयोक्ती नाही. पण दोन हातांचं रेझिन आणि सहा हातांचा हार्डनर यांच्या गणितात हा क्षण येतो तो ४५ टक्क्यांच्या आसपास हात जुळलेले असताना. प्रत्यक्षात थोडा पुढे. म्हणजे हाताला घट्ट लागलं तरी जवळपास अर्धं काम बाकी असतं. जेल झाल्या झाल्या साचा उघडणाऱ्यांचे तुकडे नंतर वाकतात ते यामुळे.

पुढचं अर्धं काम सोपं नसतं. जाळं घट्ट होत गेलं की उरलेल्या हातांना एकमेकांपर्यंत पोचताच येत नाही. सगळे हाकेच्या अंतरावर, पण जागचे हलू शकत नाहीत. खोलीच्या तापमानाला काही दिवसांनी क्रिया जवळपास ठप्प होते. तिला पुढे न्यायचं तर उष्णता द्यावी लागते. २४ तास खोलीत ठेवून मग ६० अंशांवर काही तास ठेवलेलं इपॉक्सी नुसत्या आठवडाभर ठेवलेल्यापेक्षा उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर जास्त टिकतं.

मिसळण्याबद्दल दोन गोष्टी. काडी मधोमध फिरवून भागत नाही, वाटीच्या कडेला आणि तळाला चिकटलेलं रेझिन हार्डनरपर्यंत पोचतच नाही. तीन मिनिटं कडा खरवडत हलवावं, मग सगळं दुसऱ्या कोरड्या वाटीत ओतून नवीन काडीने पुन्हा एक मिनिट. आणि शेवटचे थेंब वाटी निपटून ओतू नयेत. रेझिन आर्टच्या ट्रेवर जे मधेच चिकट ठिपके राहतात, ते बहुतेक या निपटलेल्या थेंबांचेच. दुसरं म्हणजे, मिसळून झालेलं मिश्रण खोल वाटीत ठेवू नका, पसरट थाळीत ओता. क्रियेतून उष्णता निघते, ढिगात ती अडकते, उष्णतेने क्रिया वाढते, त्यातून आणखी उष्णता. पातळ थरात अर्धा तास चालणारं मिश्रण मोठ्या वाटीत दहा मिनिटांत धूर सोडू शकतं.

पावसाळ्यात कोकणात काम करणाऱ्यांना एक खास त्रास. इपॉक्सीवर मेणचट पांढुरकी साय येते. हार्डनरमधला अमाइन रेझिनचा हात धरायच्या आधी हवेतल्या कार्बन डायऑक्साइड आणि ओलाव्याशी जुळतो, त्याची ही साय. ती पाण्यात विरघळते, म्हणून आधी कोमट पाणी आणि घासणी, मग कोरडं करून पॉलिश पेपर. थेट पेपर मारला तर साय सगळीकडे पसरते आणि वरचा रंग सोलून निघतो.

फायबरचा हार्डनर: खो-खो

मालवण-रत्नागिरीकडच्या फायबरच्या होड्या, मंडळांच्या कायमस्वरूपी फायबरच्या मूर्ती, बसच्या सीट, पाण्याच्या टाक्या: या सगळ्यांत काचेच्या धाग्यांची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन. दुकानात याला जीपी रेझिन म्हणतात. वास तिखट-गोडसर, तो स्टायरीनचा.

या डब्यातलं रेझिन म्हणजे एकदा जोडून झालेलं आणि दुसऱ्यांदा जोडायचं बाकी असलेलं पॉलिमर. पहिली जोडणी कारखान्यात होते: प्रॉपिलीन ग्लायकॉल, थॅलिक ॲनहायड्राइड आणि मॅलेइक ॲनहायड्राइड २०० अंशांच्या आसपास तापवतात. नायलॉनसारखीच हातात हात पद्धत, पाणी सुटत राहतं आणि ते सतत काढावं लागतं, नाहीतर क्रिया उलटी फिरते. पण इथे लांब साखळी नकोच असते. आखूड साखळ्या झाल्या की थांबवून, थंड करून, ते दाट पॉलिएस्टर स्टायरीनमध्ये विरघळवतात. डब्यातलं ३५ ते ४० टक्के वजन स्टायरीनचं. मॅलेइकमुळे प्रत्येक आखूड साखळीत अधूनमधून दुहेरी बंध राहिलेले असतात, आणि स्टायरीनमध्येही एक दुहेरी बंध असतो. दुसरी जोडणी या दुहेरी बंधांची, आणि ती तुमच्या वाटीत होते.

ती होते ती खो-खोच्या पद्धतीने. दुहेरी बंधातली एक जोडी सोडवायला एक एकटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू लागतो, त्याला रॅडिकल म्हणतात. रॅडिकल एका स्टायरीनला खो देतो. स्टायरीन त्याला चिकटतो, पण आता एकटा इलेक्ट्रॉन स्टायरीनच्या टोकाला आलेला असतो. मागचा बसला, पुढचा उठला. तो पुढच्याला खो देतो, तो त्याच्या पुढच्याला. वाटेत पॉलिएस्टर साखळीतला दुहेरी बंध आला तर खो तिथे जातो आणि दोन साखळ्यांत एक पूल बांधला जातो. एक-दोन-तीन स्टायरीनचे असे लहान लहान पूल, आणि त्यांचं जाळं.

हातात हात पद्धतीत सगळेच एकदम आपापला जोडीदार शोधतात, त्यामुळे बराच वेळ सगळीकडे तुकडेच तुकडे असतात. खो-खोमध्ये कुणीतरी खो देईपर्यंत बाकीचे रेणू जागचे हलत नाहीत, आणि खो मिळालेली साखळी मात्र काही सेकंदांत वाढून मोकळी होते.

फायबरचा हार्डनर म्हणजे एमईकेपी, मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड, पाण्यासारखा दिसणारा. त्याचं काम पहिला खो देणं. किती कमी लागतो बघा. १०० ग्रॅम रेझिनमध्ये ४० ग्रॅम स्टायरीन धरलं तर ते ०.३८ मोल. त्यात १ ग्रॅम हार्डनर घातला, त्यात ९ टक्के सक्रिय ऑक्सिजन असतो, म्हणजे पेरॉक्साइडचे सुमारे ०.००५६ मोल बंध. एका बंधामागे साठ-सत्तर स्टायरीन. म्हणूनच प्रमाण १ ते २ टक्के, इपॉक्सीसारखं १३ किंवा ८० नाही. विरजणासारखंच. फरक इतकाच की विरजण दुधात वाढतं, हार्डनर वाढत नाही, खर्ची पडतो. १ टक्क्याच्या खाली गेलात तर खो देणारेच अपुरे पडतात, आणि अर्धवट राहिलेला माल नंतर कितीही दिवस ठेवला तरी पुरा होत नाही.

पेरॉक्साइड खोलीच्या तापमानाला आपण होऊन फारसा फुटत नाही. त्याला फोडायला कोबाल्ट लागतो. जांभळा द्रव, कोबाल्ट ऑक्टोएट किंवा नॅफ्थेनेट. कोबाल्ट पेरॉक्साइडला एक इलेक्ट्रॉन देतो, तो फुटून रॅडिकल सुटतं. मग दुसऱ्या पेरॉक्साइडकडून कोबाल्ट तो इलेक्ट्रॉन परत घेतो, पुन्हा रॅडिकल. कोबाल्ट संपत नाही, म्हणून तो अगदी थोडा पुरतो. सहा टक्के कोबाल्टचं द्रावण असेल तर रेझिनच्या ०.१ ते ०.५ टक्के. बऱ्याच डब्यांत तो कारखान्यातच घातलेला असतो, रेझिन गुलाबी-जांभळट दिसतं. अशा डब्यात पुन्हा कोबाल्ट घालू नका. कोबाल्ट आहे की नाही हे न विचारता रेझिन विकत घेऊ नये, असं माझं मत.

आणि एक नियम, ज्याला अपवाद नाही: कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. रेझिनमध्ये जे काम वीस मिनिटांत विभागून होतं, ते दोन बाटल्या एकत्र झाल्यावर क्षणात होतं: आग किंवा स्फोट. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. दोघांची मापं वेगळी, चमचे वेगळे, कपाटातले कप्पेही वेगळे. हार्डनर ३० अंशांखाली, उन्हापासून दूर, त्याच्याच प्लास्टिकच्या बाटलीत ठेवायचा. मापात उरलेला थेंबही परत बाटलीत ओतायचा नाही. डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे ओतताना चष्मा हवाच. उडालाच तर लगेच नळाखाली निदान पंधरा मिनिटं, आणि तिथून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

हार्डनर घातल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं आणि नवखा माणूस आणखी हार्डनर ओततो. तसं करू नका. रेझिन डब्यातच घट्ट होऊ नये म्हणून कारखान्यात हायड्रोक्विनोनसारखा रोधक घातलेला असतो. सुरुवातीचे सगळे खो तो घेतो आणि पुढे देत नाही. तो संपला की मगच स्टायरीनचा नंबर लागतो, आणि मग सगळं भराभर होतं. रंग गुलाबीचा हिरवट-तपकिरी झाला, म्हणजे कोबाल्ट कामाला लागला. घड्याळ तिथून धरा.

आता प्रत्यक्ष माप. ४५० ग्रॅमची मॅट, एक चौरस मीटर, दोन थर: मॅट ९०० ग्रॅम. मॅटला वजनाच्या अडीच पट रेझिन लागतं, म्हणजे सव्वादोन किलो. सगळं एकदम मिसळू नका, एकेक किलो घ्या. १ किलोला दीड टक्का हार्डनर म्हणजे १५ ग्रॅम, सिरिंजने जवळपास १३ मिली. २५ अंशांना साधारण वीस मिनिटं हाताशी मिळतात. तापमान १० अंशांनी वाढलं की वेळ साधारण निम्मा. नागपूरच्या मे महिन्यात ४२ अंशांना काय होईल, हिशेब करून बघा. तिथे कमी करायचा तो कोबाल्ट, हार्डनर नव्हे. कोबाल्ट कमी केला तर खो उशिरा मिळतात पण तितकेच मिळतात. हार्डनर कमी केला तर खोच कमी. त्यापेक्षा सोपं म्हणजे सकाळी सहाला काम सुरू करणं.

मॅटच्या आधी साच्याला मेण, त्यावर पीव्हीएची (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची) फिल्म, त्यावर जेलकोट, म्हणजे मालाच्या दर्शनी बाजूचा मॅटशिवायचा रेझिनचा थर, जाडी साधारण अर्धा मिलीमीटर. जेलकोटला बोट लावल्यावर चिकट लागलं पाहिजे पण बोटाला काही यायला नको, तेव्हा मॅट टाकायची. घाई केली किंवा जेलकोट पातळ मारला, तर मॅटच्या रेझिनमधलं स्टायरीन अर्धवट जुळलेल्या जेलकोटमध्ये शिरतं, तो फुगतो, आणि साच्यातून काढल्यावर मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या दिसतात. त्या भरून निघत नाहीत, घासून नव्याने करावं लागतं.

एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त थर चढवू नयेत. कारण पुन्हा उष्णता. एक मोल स्टायरीन जुळताना सुमारे ७० किलोज्यूल उष्णता निघते. १०० ग्रॅम रेझिनमधल्या ०.३८ मोलांची झाली २७ किलोज्यूल, आणि ती बाहेर गेलीच नाही तर तेवढ्याने वाटीतलं तापमान साधारण १४० अंशांनी चढेल. स्टायरीन उकळतं १४५ अंशांना. वाटीत उरलेल्या रेझिनचा धूर येतो, वाटी वितळते, गोळा तडकतो, ते याच हिशेबाने. शिवाय जुळताना माल ६ ते ८ टक्के आकसतो. सुटे रेणू एकमेकांपासून साधारण तीन-चार अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलीमीटरचा एक कोटीवा भाग) अंतर राखून असतात, बंध झाल्यावर अंतर दीड अँगस्ट्रॉम. लाखो-कोटी ठिकाणी एवढी जागा वाचली की साचा तिरका होतो, सपाट पत्र्याला लाटा येतात. इपॉक्सी बरंच कमी आकसतं, कारण तिथे कडं उघडताना गेलेली जागा थोडी भरून निघते. काटेकोर मापाच्या कामाला लोक महाग इपॉक्सी घेतात त्यामागचं हे एक कारण.

आता पंख्याचं. खो-खोमध्ये एक गडी असा आहे की तो खो घेतो आणि धावतच नाही: हवेतला ऑक्सिजन. स्वतःकडे दोन एकटे इलेक्ट्रॉन असल्यामुळे तो रॅडिकलला स्टायरीनपेक्षा कितीतरी लवकर पकडतो, आणि जे रॅडिकल तयार होतं ते इतकं थंड की खेळ तिथेच थांबतो. म्हणून हवेकडचा पातळ थर चिकट राहतो, आतलं दगडासारखं झालं तरी. पंखा लावला की ताजा ऑक्सिजन येत राहतो, शिवाय वरचं स्टायरीन उडून जातं. दोन थरांच्या मध्ये हा चिकटपणा चांगला, पुढचा थर पकडतो. शेवटच्या थराला नको. त्यासाठी रेझिनमध्ये स्टायरीनमध्ये विरघळवलेलं थोडं पॅराफिन मेण घालतात. जेल होताना ते वर येऊन हवा तोडतं. किंवा सरळ पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म अंथरून हवा दाबून काढा. मेणाच्या थरावर मात्र पुन्हा मॅट चढवायची तर आधी घासून मेण काढावंच लागतं.

स्टायरीनचे आणखी दोन परिणाम. थर्माकोलच्या साच्यावर पॉलिएस्टर रेझिन ओतलं की साचा डोळ्यांदेखत बसतो. थर्माकोलही स्टायरीनचंच पॉलिमर, पण सुट्या लांब साखळ्यांचं, मधे पूल नाहीत. त्यामुळे स्टायरीनमध्ये ते विरघळतं. तेच स्टायरीन पुलांनी बांधलं गेलं की फार तर फुगतं, विरघळत नाही. थर्माकोलवर काम करायचं असेल तर इपॉक्सी घ्या. मात्र इपॉक्सीबरोबर साधी मॅट घेऊ नका: मॅटमधले धागे ज्या बाइंडरने धरलेले असतात, तो स्टायरीनमध्ये विरघळावा म्हणूनच निवडलेला असतो. इपॉक्सीत तो विरघळत नाही आणि मॅट कोपऱ्यात वाकत नाही. तिथे विणलेलं कापड हवं.

माल पुरता जुळलाय का, हे बघायला कापसावर ॲसिटोन घेऊन आतल्या बाजूला तीस सेकंद चोळा. चिकट लागलं किंवा पृष्ठभाग मऊ पडला तर सुटे रेणू शिल्लक आहेत. हार्डनर पुरेसा घातला असेल तर ८० अंशांवर तीन तास ठेवल्यावर बहुतेक वेळा काम होतं. कमी घातला असेल तर नाही.

फेविक्विकला हार्डनर लागतच नाही, असं कुणी म्हणेल. लागतो, तो हवेतच असतो. सायनोॲक्रिलेटच्या रेणूला सुरुवात करून द्यायला ओलाव्यातला हायड्रॉक्साइड पुरतो, म्हणून नळीत थोडं आम्ल घालून त्याला गप्प ठेवलेलं असतं. पावसाळ्यात ते लवकर पकडतं, कोरड्या हवेत उशिरा. जाड थर लावला तर आतपर्यंत ओलावा पोचत नाही, मधला भाग ओलाच राहतो. खायचा सोडा भुरभुरला की क्षणात दगड होतो, कारण सोडा अल्कधर्मी. आणि कापसाच्या बोळ्यावर सांडलं तर धूर निघेपर्यंत तापतं, पृष्ठभाग इतका मोठा की सगळे रेणू एकदम जुळतात. सुती हातमोजे घालून फेविक्विक वापरू नये ते याचसाठी.

काम संपल्यावर वाटीत उरलेलं रेझिन कचऱ्यात टाकू नका. ते अजून जुळायचं असतं आणि कचऱ्याच्या पिशवीत कागद-चिंध्यांमध्ये तापून पेट घेऊ शकतं. वाटी पाण्याच्या परातीत उघड्यावर ठेवा. हार्डनर पुसलेली चिंधीही त्याच परातीत भिजत ठेवा. वाटी थंड पडली, काडीने टक टक वाजू लागली, की मग बाहेर काढा.